सरकत्या काचेचं चॅनेल म्हणजे गाडीची पन्हळ

सरकत्या काचांच्या जुन्या गाडीत पावसाचं पाणी यायला लागलं की बहुतेक जण आधी सिलिकोनची ट्यूब हातात घेतात. काचेच्या कडेला, सांध्यात, कोपऱ्यात, जिथे फट दिसेल तिथे ते भरतात. काही दिवस बरं वाटतं. मग पाणी दुसरीच वाट शोधतं आणि खालची पोलादी पट्टी आतल्या आत कुजायला लागते. पुढे कधीतरी काच ओढताना ती पोपड्यासारखी हातात येते.

खालचं चॅनेल, म्हणजे काच ज्या खाचेतून सरकते ती पट्टी, पाणी अडवण्यासाठी नसतंच. ते पाणी गोळा करून बाहेर सोडण्यासाठी असतं, घराच्या छपराला पन्हळ असते तसं. काच सरकती आहे, म्हणजे तिच्या आणि सीलच्या मध्ये थोडी का होईना फट राहणारच आणि त्या फटीतून पाण्याचा ओघळ खाली येणारच. चॅनेल बदलताना मापं घेणं, कापणं, स्क्रू मारणं, सगळं काम हे लक्षात ठेवून केलं तर नवं चॅनेल टिकतं. नाहीतर जुन्याचं जे झालं तेच नव्याचंही होतं.

1959 साली आलेल्या मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीत दारात काच वर-खाली करायची यंत्रणाच नव्हती. त्यामुळे दार आतून पोकळ राहिलं आणि सामान ठेवायला मोठे कप्पे मिळाले. तिच्या 1969 च्या मार्क थ्री आवृत्तीत हँडल फिरवून वर-खाली करायच्या काचा आल्या. सीरिज लँड रोव्हरच्या दारांचे वरचे भाग सुटे निघतात आणि त्यांतल्या काचा आडव्या सरकतात. रेनॉ फोरच्या पुढच्या दारांतही सरकत्या काचा आहेत. मॉरिस मायनर ट्रॅव्हलरच्या मागच्या बाजूच्या काचा तर ॲश लाकडाच्या चौकटीत सरकतात, तिथे गंजाऐवजी लाकूड कुजण्याची धास्ती असते. तपशील गाडीगणिक वेगळे असले तरी मूळ रचना सारखीच: वर आणि खाली दोन समांतर खाचा, त्यांत दोन काचा, दोन्ही टोकांना उभी चॅनेलं, आणि काचा एकमेकींवर येतात तिथे एक उभी पट्टी.

जुनी चॅनेलं पोलादाच्या पातळ पत्र्याची, यू आकाराची आणि आतून फेल्ट (दाबून केलेलं जाड लोकरी कापड) चिकटवलेली असतात. कोरडं फेल्ट काचेला छान धरतं. ओलं झालं की ते दिव्याच्या वातीसारखं पाणी शोषतं आणि धरून ठेवतं. त्यात धूळ बसते, धुळीवर शेवाळ धरतं, आणि शेवाळामुळे ओल आणखी टिकते. फेल्टखालचा पत्रा महिनोन् महिने ओला राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे चॅनेलच्या भिंती आत फुगतात आणि काचेला चिमटीत धरतात. काच अडते ती बहुतेक वेळा याच कारणाने. तिथे तेल मारून तात्पुरती सुटका होते, पण तेलावर आणखी धूळ बसते आणि रबर असेल तर तेही फुगतं.

काम हाती घेण्याआधी बिघाड नेमका किती खोल आहे ते बघून घ्या. काचेच्या जाडीची लाकडाची पट्टी चॅनेलमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. पट्टी सगळीकडे सारखी अडत असेल तर फेल्ट फुगलंय किंवा मळलंय. एकाच जागी अडत असेल तर तिथे गंजाचा फुगवटा आहे किंवा स्क्रूचं डोकं वर आलंय. त्यानंतर चॅनेलखालची मूळ चौकट टोच्याने टोचून बघा, विशेषतः दोन्ही कोपऱ्यांत. टोच्या आत गेला तर काम चॅनेलचं राहिलं नाही, पत्राकामाचं झालं. कुजलेल्या चौकटीवर नवं चॅनेल बसवू नका. ते कधीच सरळ बसत नाही.

मापं घेताना व्हर्निअर कॅलिपर लागतोच, फूटपट्टीचं हे काम नाही. काचेची जाडी तीन-चार ठिकाणी मोजा. चॅनेलची बाहेरची रुंदी आणि खोली जिथे पत्रा धड आहे तिथेच मोजा, कारण गंजलेल्या जागी रुंदी फसवी येते. वरचं आणि खालचं चॅनेल एकाच खोलीचं असेल असं गृहीत धरू नका. बऱ्याच रचनांत वरचं जास्त खोल असतं, म्हणजे काच वर उचलून खालची कड बाहेर काढता येते. दोन्ही एकाच खोलीची घेतली तर सगळं बसवून झाल्यावर काच आत जातच नाही. वर कमी खोल असेल तर घालायला जागा नाही, खाली जास्त खोल असेल तर वरची कड सुटते.

नवी चॅनेलं साधारण दोन प्रकारची मिळतात. एक कडक: पोलाद किंवा स्टेनलेस पत्रा आणि आत लव लावलेलं अस्तर. दुसरं लवचिक: आत पोलादी सांगाडा, वर रबर, आणि काचेच्या बाजूला बारीक लव. सरळ खालच्या पट्टीसाठी मी कडकच निवडेन, शक्यतो स्टेनलेस. गोल कोपऱ्यांसाठी लवचिक. सगळीकडे लवचिक घालण्याचा मोह होतो कारण ते बसवायला सोपं, पण लांब सरळ भागात स्क्रूंच्या मधल्या जागी ते लाटेसारखं उचलतं आणि काच खडखडते. पूर्ण माल मागवण्याआधी 100 मिमीचा तुकडा मागवून त्यात प्रत्यक्ष काच घालून बघा. लव धरून आतली मोकळी जागा काचेच्या जाडीपेक्षा जराशी कमी हवी. दोन बोटांनी काच सरकली पाहिजे, पण तुकडा उलटा धरला तर तो स्वतःच्या वजनाने काचेवरून घसरून पडता कामा नये.

किती माल लागेल याचा हिशेब कागदावर मांडून घ्या, कारण इथे हमखास चूक होते. समजा खिडकी 600 मिमी रुंद आणि 350 मिमी उंच आहे आणि प्रत्येक खाचेला वेगळं चॅनेल आहे. एका दाराला 600 चे चार तुकडे (वर दोन, खाली दोन) आणि 350 चे दोन उभे, म्हणजे 3,100 मिमी. दोन दारांचे 6.2 मीटर. दहा टक्के जास्त धरले की 7 मीटर पुरतील असं वाटतं. पण चॅनेल 2 मीटरच्या लांबीत येत असेल तर एका लांबीतून 600 चे तीनच तुकडे निघतात आणि 200 वाया जातात. 600 चे आठ आणि 350 चे चार तुकडे बसवायचे तर चार लांब्या, म्हणजे 8 मीटर लागतात. तुकडे जोडून काम भागवता येईल असं वाटलं तरी खालच्या चॅनेलला मध्ये जोड देऊ नका. जोडावर काचेची कड अडते आणि तिथूनच पाणी खाली झिरपतं. लांबी 1.8 मीटरची असेल तर तीन तुकड्यांचा हिशेब बरोबर वाटतो, पण करवतीच्या प्रत्येक कापात साधारण 1 मिमी जातो आणि तिसरा तुकडा आखूड पडतो.

काढायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा जवळून फोटो घ्या. कोणतं चॅनेल कशावर टेकलंय, कोणती काच बाहेरच्या खाचेत आहे, मधल्या पट्टीचं तोंड कुठे आहे, हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. काचांवर चिकटपट्टी लावून बाजू आणि वर-खाली लिहून ठेवा.

खालच्या चॅनेलचे स्क्रू बहुतेक वेळा चॅनेलच्या तळातच, फेल्टखाली दडलेले असतात. काच एका बाजूला सरकवली की काही दिसतात, दुसऱ्या बाजूला सरकवली की उरलेले. आदल्या दिवशी प्रत्येक डोक्यावर गंज सोडवणारं तेल घाला आणि रात्रभर मुरू द्या. डोक्याच्या खाचेतला रंग आणि माती टोच्याने साफ केल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर लावू नका. खाच एकदा झिजली की स्क्रू हट्टाला पेटतो. आधी किंचित घट्ट करून मग सैल करा, त्याने गंजाची पकड सुटते. तरीही हलला नाही तर डोक्याच्या मधोमध खूण ठोकून 3 मिमीच्या ड्रिलने फक्त डोकं उडवा. चॅनेल उचलल्यावर उरलेला दांडा पकडीने फिरवून निघतो. ड्रिल करताना काच खिडकीत असेल तर तिच्या कडेला लाकडाची फळी आड लावा. टफन केलेली (तापवून झटकन गार करून कडक केलेली) काच मध्यभागी बराच मार सोसते, पण कडेला टोकदार धातूचा हलका टोलाही पुरतो आणि क्षणात सगळ्या काचेचे दाणे होतात. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा.

लँड रोव्हरमध्ये दाराचा वरचा भाग आधी सुटा करून टेबलावर घ्या. खालच्या नटांवर दोन मिनिटं जातात आणि पुढचे दोन तास सोपे होतात.

निघालेली काच आडवी ठेवू नका. जुन्या टॉवेलच्या घडीवर कडेने उभी ठेवा. बोट फिरवून सगळ्या कडा तपासा. टफन काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडही घासता येत नाही. त्यामुळे कडेला टवका असेल तर काच बदलणं हाच उपाय. पृष्ठभागावरचे आडवे ओरखडे जुन्या चॅनेलमधल्या वाळूचे असतात. तिथे काच पातळ झालेली नसते, तेवढ्यासाठी बदलायची गरज नाही.

चौकटीची सफाई ज्या निगुतीने कराल त्यावर पुढची पंधरा वर्षं अवलंबून आहेत. फेल्टचा चिकट गोंद आधी खरवडा, मग वायर ब्रश आणि बारीक पोलिश पेपर. सुट्टा गंज निघाल्यावर खड्ड्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक ॲसिडचा द्राव लावा. त्याने गंजाचं काळपट फॉस्फेट होतं. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा आणि सांगितलं असेल तर धुवून पूर्ण कोरडं करा. चौकट जस्त चढवलेली असेल तर हा द्राव फक्त गंजाच्या ठिपक्यांवर, ब्रशने. धड जस्तावर गेला तर तो जस्तच खातो. त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग रंग. प्रत्येक जुन्या भोकाच्या आतल्या कडेलाही बारीक ब्रशने प्रायमर लावा. गंजाची सुरुवात सपाट जागी होत नाही, भोकाच्या उघड्या कडेला होते. रंग पूर्ण वाळू द्या, एनॅमल असेल तर काही दिवस जातात. अर्धवट वाळलेल्या रंगावर चॅनेल दाबून बसवलं की अडकलेला सॉल्व्हंट अस्तराचा गोंद सोडवतो.

ट्रॅव्हलरच्या लाकडी चौकटीत स्क्रूची भोकं हाच पाण्याचा दरवाजा. कुजलेला भाग काढून, लाकूड पूर्ण कोरडं करून भोकांत पातळ इपॉक्सी मुरवा, ते घट्ट झालं की पुन्हा बारीक भोक पाडा. चॅनेलखालच्या खाचेला आतूनही वॉर्निश हवं. बाहेरून चकचकीत आणि खाचेत कोरं लाकूड, असं ठेवलं तर सगळी मेहनत फुकट जाते.

आता कापणं. पत्रा कापायच्या कात्रीने चॅनेल कापू नका, भिंती चिमटतात. इंचाला 32 दात असलेलं हॅकसॉचं पातं घ्या आणि चॅनेलमध्ये काचेच्या जाडीची लाकडी पट्टी घालून मग कापा. भिंती सरळ राहतात आणि लव फाटत नाही. तुकडा 2 मिमी लांब कापून कानशीने मापाला आणा. कापलेल्या टोकाला पोलाद उघडं पडतं, तिथे प्रायमर लावायला विसरू नका. लवचिक चॅनेल कोपऱ्यात वळवतानाही आत नायलॉनची किंवा प्लायची पट्टी ठेवा, नाहीतर आतली भिंत सुरकुतते आणि काच नेमकी तिथेच अडकते. काटकोन हवा असेल तर दोन्ही भिंतींना व्ही आकाराची खाच पाडून तळ अखंड ठेवा.

कोपऱ्यात कोण कोणावर टेकतं, हे ठरवताना पन्हळीचाच विचार करा. खालचं चॅनेल पूर्ण रुंदीचं आणि अखंड. उभी चॅनेलं त्याच्या आत उतरतात आणि तळापासून 2 ते 3 मिमी वरच थांबतात. उभ्या चॅनेलमधून उतरलेलं पाणी खालच्या चॅनेलमध्ये पडलं पाहिजे, त्याच्या मागे नाही. दिसायला नीटनेटकं म्हणून 45 अंशात काप घेऊन कोपरा जोडला तर पाणी त्या जोडातून थेट चौकटीत उतरतं.

आता निचऱ्याची भोकं. नवं चॅनेल बहुतेक वेळा बिनभोकाचं येतं. तसंच बसवलं की चौकटीतली मूळ भोकं त्याच्या तळाखाली झाकली जातात आणि पन्हळीचं पाणी जायची वाटच बंद होते. नव्या सीलांनंतरही गाडी गळते अशी तक्रार असते तेव्हा सगळ्यात आधी हेच तपासावं. चॅनेल जागेवर कोरडं बसवून खालून चौकटीच्या भोकातून पेन्सिलने खूण करा, मग बाहेर काढून भोकं पाडा. 3 मिमीच्या गोल भोकात पाण्याचा थेंब अडकून बसतो. त्यापेक्षा 4 मिमीची दोन भोकं शेजारी पाडून कानशीने जोडा, साधारण 12 मिमी लांबीची फट तयार होते. गाडी चढावर उभी असो वा उतारावर, दोन्हीकडे निचरा व्हावा म्हणून दोन्ही टोकांजवळ एकेक फट हवी आणि मध्ये एक. आतल्या अस्तरावरही तेवढी जागा धारदार पात्याने कापून मोकळी करा. मूळ निचरा दाराच्या पोकळीत होत असेल तर दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चॅनेल बसवताना मॅस्टिक (फटी बुजवायचा चिकट लगदा) वापरा, पण न वाळणारं ब्यूटाइल, आणि तेही फक्त आतल्या, म्हणजे प्रवाशाच्या बाजूच्या कडेखाली 3 मिमीच्या एका रेघेत. बाहेरची कड मोकळी सोडा. पूर्ण तळाला मॅस्टिक थापलं तर फटी बुजतात, अजिबात लावलं नाही तर पाणी आत ओघळतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकोन इथे चालत नाही. ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि पोलाद गंजतं.

स्क्रू 3 मिमीच्या आसपासचे, सपाट डोक्याचे, आणि त्यांच्यासाठी चॅनेलच्या तळाला काउंटरसिंक, म्हणजे डोकं आत बसेल असा उतरता खड्डा, करून घ्या. डोकं लवेच्या पातळीखाली गेलं पाहिजे. प्लास्टिकचं जुनं कार्ड चॅनेलमधून फिरवून बघा. कुठे खट्ट झालं तर ते डोकं वर आहे, आणि काच रोज तिथे घासणार. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्क्रू जात असेल तर आट्यांना लॅनोलिन ग्रीस लावा. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल असली की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं आणि पुढच्या वेळी स्क्रू निघतच नाही. सगळे स्क्रू आधी अर्धेच बसवा, काच घालून दोन्ही टोकांपर्यंत सरकवा, आणि मग मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने घट्ट करा. जास्त आवळलं तर चॅनेलचा तळ वाकतो आणि भिंती आत झुकतात.

काचेवर चिकटवलेली पकड किंवा खटका काढायचा असेल तर उष्ण हवेची बंदूक एका जागी धरू नका, असमान तापून काच फुटू शकते. गरम पाण्यात पिळलेलं कापड दहा मिनिटं ठेवा आणि मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी मागे-पुढे ओढा. जुन्या जागेची बाह्यरेषा काचेच्या पलीकडच्या बाजूला चिकटपट्टीने आखून ठेवलेली असली की पुन्हा लावताना शोधाशोध नाही. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नंतर बोट लावू नका. अतिनील किरणांनी घट्ट होणारा काचेचा गोंद इथे उत्तम, कारण काचेतून प्रकाश आत जातो. गोंद लावून जागा जुळवण्याचं काम सावलीत करा, मग उन्हात न्या.

बसवताना वंगण म्हणून साबणाचं पाणी पुरतं. नंतर कोरड्या प्रकारचा सिलिकोन स्प्रे कापडावर घेऊन लवेला पुसा. रंगकाम बाकी असेल तर सिलिकोन स्प्रे त्या जागेजवळही नेऊ नका, रंगाला खड्डे पडतात.

चाचणी खालून वर करायची. आधी कपभर पाणी, साधारण 200 मिली, थेट खालच्या चॅनेलमध्ये ओता. ते बाहेरच्या बाजूने ओघळून काही सेकंदांत संपलं पाहिजे. साचलं तर पाइप हातात घ्यायची गरजच नाही, आधी फटी मोकळ्या करा. मग तोटी न लावलेल्या पाइपने हलकी धार खालच्या कडेवर पाच मिनिटं, नंतर उभ्या बाजूंवर, शेवटी वर. आत कोरडा कागद अंथरून ठेवा. थेट वरून पाणी सोडलं तर गळती कुठली ते कळतच नाही, कारण सगळं पाणी शेवटी खालीच दिसतं. काचेच्या मधल्या पट्टीसाठी कागदाची चिंधी तिच्यात आणि काचेत धरून काच बंद करा. चिंधी ओढताना सगळ्या उंचीभर सारखा ताण लागला पाहिजे. वरच्या टोकाला सैल आणि खाली घट्ट लागली तर काच तिरकी उभी आहे, वरच्या चॅनेलची जागा जुळवून ती सरळ करा.

पहिल्या काही दिवसांत काच थोडी जड सरकते, लव बसली की सुटते. एकाच जागी अडली तर वाट बघू नका, तिथला स्क्रू किंवा कोपरा पुन्हा तपासा. वेगात काच खडखडत असेल तर आधी वरचं चॅनेल बघा, खालच्यात काच स्वतःच्या वजनाने टेकलेली असते.

पावसाळ्याआधी आणि नंतर काचा दोन्ही बाजूंना सरकवून चॅनेलचा तळ जुन्या टूथब्रशने झाडा, फटींतून नायलॉनची दोरी फिरवा आणि पुन्हा कपभर पाणी ओतून बघा. धातूची तार नको, तिने कडेचा प्रायमर निघतो.